प्रसाधनांतील परिरक्षक द्रव्ये : उपयोग, धोका आणि कायदा



आजचा विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. युनियनच्या माणसाने बोलावे ते पगारवाढीवर, बोनसवर, फार तर कामगार कायद्यांवर. त्याने क्रीम, पावडर आणि शांपू ह्यांवर व्याख्यान द्यावे हे विपरीतच. परंतु ज्या वस्तू आपण बाजारातून आणतो त्या कोणीतरी माणूस कोठेतरी पिंपात ढवळत असतो, डबीत भरत असतो. त्या वस्तूत जे असते ते प्रथम त्याच्या हाताला लागते, मग तुमच्या-आमच्या अंगाला. म्हणून हा विषय कामगाराचा आहे आणि गिऱ्हाइकाचाही आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. जे काही सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि कारखान्यांच्या फाटकांपाशी उभे राहून जमवलेले आहे.

सुरुवात घरापासूनच करतो. वैशाखात आपल्याकडे रातांबे पिकतात. आगळ झाले, सोले वाळली, की उरलेल्या बिया आपल्या आया-आज्या फेकून देत नसत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारे तेल काढीत आणि ते थिजू लागले की मुठीत दाबून त्याचे गोळे करीत. हेच आपले मुठेल. पायाला भेगा पडल्या की ते गरम करून भरावयाचे. मुठेलाचा गोळा वर्ष वर्ष फळीवर पडून असतो, त्याला बुरशी येत नाही. फार तर जुना झाला की खवट वास येतो. आता ह्याच्या उलट पाहा. कोरफडीचा गर वाटीत काढून ठेवा. जूनच्या दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे काय होते ते घरातील कोणतीही बाई सांगेल.

फरक कशाचा? पाण्याचा. सूक्ष्म जंतू आणि बुरशी ह्यांना वाढावयास पाणी लागते. मुठेलात पाणी जवळजवळ नाही, म्हणून तेथे त्यांची डाळ शिजत नाही. सुका बांगडा, मिठातली कैरी, तेलाखालचे लोणचे, साखरेच्या पाकातला मुरंबा ह्या सर्वांच्या मागे हीच एक युक्ती आहे: पाणी काढून टाका, नाहीतर मीठ-साखर घालून ते असे बांधून ठेवा की जंतूंना ते मिळू नये. परिरक्षण ही गोष्ट परदेशी कंपन्यांनी शोधून काढली असे कोणी समजू नये. ती आपल्या माजघरात होती.

मग प्रसाधनांत रसायने आली कोठून? जुन्या काळची प्रसाधने बहुतेक कोरडी किंवा तेलकट असत. उटणे कोरडे, काजळ तुपातले, खोबरेल निव्वळ तेल. मेण, तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून केलेले मलम ग्रीक वैद्य गॅलेन ह्याच्या नावावर सांगतात. त्यात पाणी होते, पण ते थोडे करावयाचे आणि थोड्या दिवसांत संपवावयाचे. पुढे 'स्नो' नावाचा पांढराशुभ्र प्रकार बाजारात आला. तो तेलकट दिसत नाही, कातडीत जिरल्यासारखा वाटतो, कारण त्यात बहुतांश पाणीच असते. आपल्या मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला ह्यांनी १९१९ च्या सुमारास 'अफगाण स्नो' काढला आणि तो घरोघर पोचला. गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत स्नोची बाटली असणे ही एके काळी ऐटीची गोष्ट होती.

येथे व्यापाराची गरज उत्पन्न झाली. माल मुंबईत भरावयाचा, बोटीने किंवा मोटारीने कोकणात पाठवावयाचा, दुकानात सहा महिने ठेवावयाचा, आणि मग गिऱ्हाइकाने त्यात रोज ओले बोट घालावयाचे! पाणी असलेला पदार्थ एवढे सोसणार नाही. म्हणून त्यात जंतूंना आवर घालणारे काहीतरी मिसळणे भाग पडले. बोरिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल, बेंझॉइक आम्ल, फॉर्मॅल्डिहाइड, इतकेच नव्हे तर पाऱ्याचे क्षारही वापरून झाले. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत एका नव्या कुळाचा उपयोग सुरू झाला. ते कूळ म्हणजे पॅराबेन. त्याला वास नाही, रंग नाही, किंमत थोडी, आणि १०० ग्रॅम क्रीमला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पुरते. बुरशीवर ते विशेष चालते. औषधांच्या बाटल्यांत, खाद्यपदार्थांत आणि क्रीममध्ये ते जगभर गेले, आणि पाऊणशे वर्षे त्याच्याविषयी फारशी कुरकूर झाली नाही.

आजकाल 'केमिकल नको, नैसर्गिक हवे' असे पुष्कळ ऐकू येते. त्यामागची भीती मी समजू शकतो. परंतु परिरक्षक नसेल किंवा अपुरे असेल तर काय होते, तेही इतिहासात नोंदलेले आहे. १९६७ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात एका इस्पितळाची हकिकत छापून आली. अतिदक्षता विभागातील रोग्यांच्या रक्तात जंतू सापडू लागले. शोध घेता घेता तपास पोचला तो शुश्रूषा करणारांच्या हाताला लावावयाच्या क्रीमच्या पंपापर्यंत. त्या पंपातच क्लेब्सिएला नावाचे जंतू वाढत होते. हात मऊ राहावेत म्हणून ठेवलेली वस्तूच रोग वाटीत होती! तेव्हा 'यात काहीच घातलेले नाही' ही पाणी असलेल्या क्रीमची स्तुती होऊ शकत नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. १९७२ साली फ्रान्समध्ये 'तालक मोरांज' नावाची लहान मुलांची पावडर विकली जात होती. कारखान्यात मिश्रण करताना चूक झाली आणि पावडरीच्या एका भागात हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक शेकडा ६ हून अधिक प्रमाणात मिसळले गेले. तान्ह्या मुलांच्या कातडीतून ते अंगात शिरले व त्यांच्या मेंदूवर चालून गेले. २०४ मुले आजारी पडली, त्यांतील ३६ दगावली. प्रथम डॉक्टरांना कारणच कळेना. पावडरीवर कोण संशय घेणार? त्याच वर्षी अमेरिकेनेही ह्या द्रव्याच्या वापरावर कडक बंधने घातली.

मोरांजची हकिकत मी पहिल्याने वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आले ते मिसळणीचे खाते. दोन पांढऱ्या भुकट्या. एक निरुपद्रवी, दुसरी जहाल. डोळ्यांनी फरक कळत नाही. फरक कळतो तो पिंपावरच्या नावाने, आणि ते नाव वाचून कामाला लागणाऱ्या माणसाच्या शिकवणीने. ते सारे धड नसेल तर त्याची किंमत तीनशे मैलांवरचे पाळण्यातले मूल देते.

आता आपल्या देशाकडे वळू. औषधांचा कायदा आपल्याकडे १९४० साली झाला, पण त्यात प्रसाधने नव्हती. १९६२ च्या दुरुस्तीने ती कायद्याच्या कक्षेत आली, आणि तेव्हापासून त्या कायद्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा म्हणू लागले. २०२० च्या डिसेंबरात प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम निघाले. कारखान्याला परवाना हवा, माल भारतीय मानकांत बसला पाहिजे, वेष्टनावर घटकांची यादी हवी, अशी ही व्यवस्था आहे. कायदा कागदावर ठीक आहे. त्याची कसोटी लागते ती प्रत्यक्ष घटनेत.

अशी एक घटना मुंबईत मुलुंडला घडली. तेथे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा कारखाना होता. २००७ साली तेथे बेबी पावडरच्या १५ बॅचेस इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्यात आल्या. हा वायू इस्पितळातील उपकरणे निर्जंतुक करण्यास वापरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातलेले आहे. अन्न व औषध प्रशासनाचा आक्षेप असा की, ह्या पद्धतीला परवानगी घेतलेली नव्हती आणि पावडरीत वायूचा अंश उरला की नाही ह्याची चाचणी केलेली नव्हती. कंपनीचे म्हणणे असे की, ह्या मालाने कोणास अपाय झाल्याची नोंद नाही. प्रशासनाने प्रसाधनांचा परवाना २४ जून २०१३ पासून रद्द केला. पुढे कारखाना पुन्हा चालू झाला.

तारखा ध्यानात घ्या. माल २००७ चा आणि हुकूम २०१३ चा. त्या १५ बॅचेसमधील पावडर ज्या मुलांना लावली ती तोवर शाळेत जाऊ लागली होती. त्यांना काही झाले असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की, काही झाले नाही हे त्या वेळी कोणी तपासून सांगावयास हवे होते.

त्याच कारखान्याचे दुसरे प्रकरण उलट धडा देते. पावडरीचा सामू ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, असे २०१८ साली घेतलेल्या नमुन्यांवरून ठरवून प्रशासनाने २०२२ च्या सप्टेंबरात परवाना रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने नवे नमुने तपासून घेतले, ते मर्यादेत निघाले, आणि ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले व झालेल्या विलंबाबद्दल प्रशासनाची कानउघाडणी केली. मला ह्यात कंपनीचा जय किंवा सरकारचा पराजय दिसत नाही. नमुना घेतल्यावर वर्षानुवर्षे निकाल लागत नसेल, तर दोषी सुटतो, निर्दोषी नाडला जातो, आणि गिऱ्हाईक दोन्ही वेळा अंधारात राहते.

आता पॅराबेनकडे परत येऊ, कारण आज सर्वांत अधिक ओरड त्याच्याविषयी आहे. २००४ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासले, त्यांत पॅराबेनचे अंश सापडले. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. परंतु सापडणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. त्या तपासणीत निरोगी भागाशी तुलना केलेली नव्हती. २०१२ च्या पुढल्या तपासणीत ४० स्त्रियांच्या नमुन्यांपैकी जवळजवळ सर्वांत पॅराबेन होते, आणि काखेत लावण्याचे प्रसाधन जन्मात न वापरलेल्या ७ जणींतही ते होते. म्हणजे ते आपल्या अंगात अनेक वाटांनी येते एवढे सिद्ध झाले. त्यानेच कर्करोग होतो हे सिद्ध झाले नाही.

तरीही शंका निराधार नव्हती. ह्या कुळातील मोठ्या घडणीची द्रव्ये शरीरातील स्त्रीसंप्रेरकाची अगदी क्षीण नक्कल करतात. म्हणून युरोपने सरसकट बंदी न घालता निवड केली. डेन्मार्कने २०११ साली प्रोपिल व ब्युटिल पॅराबेन तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंतून काढले. २०१४ साली युरोपीय संघाने ज्यांची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नव्हती अशा पाच पॅराबेनवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा शेकडा ०.१४ वर आणली आणि लहान मुलांच्या लंगोटाच्या जागी लावावयाच्या मलमांत ते मना केले. मिथिल व एथिल पॅराबेन मात्र एकेकटे शेकडा ०.४ आणि मिळून ०.८ पर्यंत चालू ठेवले. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. ज्याने आपल्या मालाची माहिती दिली नाही त्याला बाजार बंद. ज्याची माहिती आहे त्याला मात्रेची मर्यादा. आणि तान्ह्या मुलासाठी अधिक सावधगिरी.

बाजाराने मात्र एवढा विचार केला नाही. 'पॅराबेन-मुक्त' ही अक्षरे डबीवर छापणे सोपे होते. पॅराबेन काढले, पण क्रीममधले पाणी तसेच राहिले, तेव्हा दुसरे काहीतरी घालणे आलेच. त्यांतील एक द्रव्य मिथिल-आयसोथायाझोलिनोन. २००५ पासून ते प्रसाधनांत स्वतंत्रपणे वापरात आले आणि थोड्याच वर्षांत युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांकडे खाज, लाली, फुटलेली कातडी घेऊन माणसांची रीघ लागली. अमेरिकेतील संस्पर्श-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला त्या वर्षाचे 'ॲलर्जिकारक' ठरवले. शेवटी युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीममधून ते २०१७ पासून काढून टाकले. धुऊन टाकावयाच्या शांपूत मर्यादा ठेवली दशलक्ष भागांत १५ भाग, म्हणजे १०० किलो शांपूत दीड ग्रॅम. आणि गंमत पाहा: त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनला 'ॲलर्जी न करणारे' म्हणून तो मान दिला, कारण इतक्या द्रव्यांत ॲलर्जी सर्वांत कमी करणाऱ्यांपैकी ते एक होते. लोक भीतीने ज्याच्यापासून पळाले त्याहून अधिक त्रासदायक वस्तूच्या दारात जाऊन उभे राहिले!

ह्या द्रव्यांची ओळख मला पुस्तकात झाली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यातील बायका युनियनच्या कचेरीत आल्या. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. एकीने सांगितले, "भाऊ, भाकरी थापता येत नाही." व्यवस्थापनाचे म्हणणे, हा घरच्या धुण्याच्या साबणाचा परिणाम आहे. आम्ही विचारले, पिंपात काय आहे? पिंपावर नाव नव्हते, नुसता आकडा होता. वास्तविक भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक कामात कोणता धोका आहे हे कामगारांना सांगण्याचे बंधन मालकावर आले होते. ते नाव मिळवण्यासाठी आम्हाला सात महिने पत्रे लिहावी लागली. नाव मिळाल्यावर त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी पाहिले, आणि चौघींच्या पाठीवर त्याच द्रव्याच्या पट्टीखाली लाल चट्टा उठलेला होता. हातमोज्यांची जात बदलली, मापून ओतण्याचे काम बंद नळीने होऊ लागले. तिघींचे हात बरे झाले. चौथीला एकदा जडलेली ॲलर्जी गेली नाही. तिने काम सोडले, आणि बाजारचा कोणता शांपू चालेल हे ती आजही डबीवरची बारीक अक्षरे वाचून ठरवते.

तिच्यामुळे माझे लक्ष डबीच्या पाठीमागे गेले, आणि तेथे मला एक गोष्ट आढळली ती आज मुद्दाम सांगण्यासाठी आलो आहे. आपल्या नियमांप्रमाणे घटकांची यादी वेष्टनावर हवी, पण ६० मिलिलिटरहून लहान द्रव आणि ३० ग्रॅमहून लहान घट्ट मालाला त्यातून सूट आहे. आता तळेऱ्याच्या बाजारातील कोणत्याही दुकानात जाऊन वर पाहा. दोरीला माळेसारख्या लटकतात त्या रुपया-दोन रुपयांच्या शांपूच्या पुड्या. खाली मांडणीत असतात त्या क्रीमच्या छोट्या डब्या आणि नळ्या. मोठी बाटली घेणारास आत काय आहे ते वाचावयास मिळते. रोजच्या मजुरीतून पुडी घेणारीला ते मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. जागा लहान आहे हे कारण मी समजतो. पण पुडीवर नटीच्या चेहऱ्याला जागा होते, मग निदान परिरक्षकाच्या नावाला एक ओळ होणार नाही काय?

नाव नसले म्हणजे काय होते ते २०२२-२३ साली अकोल्यात दिसले. एकाच घरातील तिघी बायका गोरेपणाचे क्रीम लावीत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. पारा तेथे रंग उजळण्यासाठी होता, टिकवण्यासाठी नव्हे, पण एके काळी परिरक्षक म्हणून वापरलेली हीच धातू. डबीवर तिचे नाव कोण लिहिणार?

आपल्या भागात आज बचत गटांच्या भगिनी कोकमाचे साबण, मलमे करू लागल्या आहेत. त्यांचा मला अभिमान वाटतो. त्यांना माझी विनंती अशी: मुठेल, मेण, खोबरेल ह्यांचेच बिनपाण्याचे मलम करणार असाल तर कोरड्या हाताने, कोरड्या डबीत भरा. तेथे परिरक्षकाची गरज फारशी नाही. पण त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, ताक असे काही घालून ते महिनाभर विकावयाचे असेल तर मान्य परिरक्षक ठरल्या मात्रेत, तराजूवर तोलून घालावे लागेल, परवाना घ्यावा लागेल, आणि त्याचे नाव डबीवर लिहावे लागेल. त्यात कमीपणा नाही. 'केमिकल नाही' असे लिहून बुरशी विकण्यात कमीपणा आहे.

शंभर वर्षांचा हा इतिहास पाहून मी एवढेच शिकलो की, परिरक्षक हा शत्रूही नव्हे आणि मित्रही नव्हे. ते एक हत्यार आहे. ते किती घातले हे ठरवणारा नियम हवा, तो पाळला जातो की नाही हे वेळेवर पाहणारा तपासनीस हवा, आणि पिंप उचलणाऱ्या कामगारापासून पुडी फोडणाऱ्या मुलीपर्यंत प्रत्येकाला त्याचे नाव कळावयास हवे. पहिल्या दोन गोष्टी सरकारकडे मागावयाच्या आहेत. तिसरीची सुरुवात आज घरी गेल्यावर करता येईल. न्हाणीघरातील फळीवरची प्रत्येक बाटली उलटी करा आणि मागे काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. आणि जेथे काहीच लिहिलेले नसेल, ती वस्तू घेऊन दुकानदाराकडे जा व त्याला विचारा. त्यालाही उत्तर ठाऊक नसेल. पण दहा जणांनी विचारले तर तो कंपनीच्या माणसाला विचारील. आमच्या चळवळीत सारे असेच सुरू होते.